बादलीवाला

लक्ष्मीपुरीत, भंगाराच्या गाड्यावर,
मिक्सरची भांडी आणि रिमोटांच्या ढिगाखाली
पिवळी कॅसेट सापडली. कोपरा चावलेला.
तो मीच चावलेला, चौथीत.
वीस म्हणाला, पंधराला दिली.

नाव कुणाला वाचताच आलं नाही तिचं.
स्टिकरवर परक्या लिपीतली तीन अक्षरं
आणि डोक्यावर बादली घेतलेला ठेंगू माणूस,
म्हणून बादलीवाला.
उत्तरेश्वर पेठेत, तालमीला लागून,
वसंता बुचड्याच्या पत्र्याच्या खोलीत
घोंगड्याच्या पडद्याआड तीन टीव्ही होते.
बंदूकवाल्या गेमला तासाला चार रुपये,
मोटारसायकलला तीन,
बादलीवाल्याला एक, आणि तोही
लाईट गेली तर परत.

कारण त्याची उडी उशिरा यायची.
बटण दाबलं की क्षणभर नुसता उभा,
मग उडायचा. तोवर खड्डा आलेला.
बटण बाद हाय, कोण म्हणायचं.
कॅसेट बाद हाय.
मालकच बाद हाय.
फुंकर मारून बघितली, खोडरबरानं घासली,
भिंतीपलीकडं कुणीतरी शड्डू ठोकायचा
आणि हा इकडं खड्ड्यात.

निसार पटवेगार तेवढा खेळायचा.
निसारला 'प' अडायचा.
आडनाव सांगायची वेळ आली
की गुरुजी खडू खाली ठेवून वाट बघायचे,
नाहीतर मीच सांगून टाकायचो, पटकन.
मला वाटायचं मी मदत करतोय.
तो खड्ड्याच्या दोन विटा आधीच
बटण दाबायचा, आणि बादलीवाला
बरोब्बर कडेवरून उडायचा,
वीटभट्टी, कोळशाची वाघीण, गंजकी टाकी,
पार पाचव्या स्टेजला,
जिथं आमच्यातलं दुसरं कुणी कधी गेलं नाही.
कसं जमतंय रं, विचारलं
तर म्हणाला, "आधी प... प..."
"पळायचं?" मी.
"पकडायचं?" वसंता.
त्यानं मान हलवली, खेळत राहिला.

काल रात्री, कळंब्याच्या फ्लॅटात
मुलीनं कुठून कुठून वायरी जोडून दिल्या,
दहा मिनिटं बघून म्हणाली, बोअर आहे, पप्पा.
ती झोपल्यावर
मोठ्या टीव्हीवर, पहिल्यांदाच रंगात,
मी त्याला नीट बघितलं.
बादली निळी आहे. हे ठाऊक नव्हतं.
आणि बटण दाबल्यावर तो नुसता उभा राहत नाही.
हात वर नेतो.
चार ठिपक्यांचा हात.
बादली सावरतो,
काठोकाठ भरलेली आहे ती,
मग उडी.

वसंताच्या करड्या टीव्हीवर, मुंग्यांच्या गर्दीत
हा हात मला दिसलाच नव्हता.

एक वाजेपर्यंत खेळलो. सत्तावीसदा मेलो.
तिसऱ्या भट्टीपाशी अडकलोय.
गेम चांगला आहे असं अजूनही म्हणवत नाही:
तीच तीच पिपाणी वाजते,
वटवाघळं कुठूनही येतात,
शिडी कधी धरते, कधी नाही.
पण कुठल्यातरी देशात, कुणीतरी
जेवण थंड करून तो हात काढला असेल.
साहेब म्हणाला असेल, काढून टाक, उशीर होतो.
त्यानं ठेवला.

सकाळी निसारला फोन लावला.
गोकुळ शिरगावला फौंड्रीत असतो,
साच्यात रस ओततो. मागं भट्टीची घरघर.
बादलीवाला सापडला, म्हटलं.
पलीकडं काहीच नाही.
मग, "आधी प..."

तोंडाशी आलेले सगळे शब्द
मी गिळले.
खाली दूधवाला कॅन उतरवत होता,
एक उतरवला, दुसरा उतरवला,
झाकण नीट बसवलं.

"पाणी," निसार म्हणाला.
"आधी पाणी बघायचं, लेका."

तिसऱ्या भट्टीचं विचारायचं राहूनच गेलं.